घरचं अत्तर

"लग्नातलं अत्तर आमच्या घरचं असेल," हे वाक्य मी उच्चारलं तेव्हा अत्तर फुलातून काढतात एवढंच मला ठाऊक होतं. कसं काढतात, कोण काढतं, काढताना फुलाची काही हरकत असते का, याबद्दल माझं मन अगदी कोरं होतं.

प्रसंग मेहुणीच्या साखरपुड्याचा. पुष्पलता, म्हणजे माझ्या बायकोची धाकटी बहीण, आमच्याकडेच राहायची, त्यामुळे वधूपक्ष म्हणजे मी. वरपक्ष आगाशीचा, आणि वरपक्ष म्हणजे नवऱ्या मुलाचे काका तात्यासाहेब सावे. बाकीची मंडळी त्यांच्या मागे बसायला आली होती. नवरा मुलगासुद्धा.

तात्यासाहेबांचा सगळा जीव नाकात. आगगाडीच्या धुराने नाक बसतं म्हणून ते सगळं गणगोत घेऊन मचव्यातून खाडी ओलांडून भाईंदरला आले. ओटीवर पाऊल ठेवल्या ठेवल्या त्यांनी मला सांगितलं की आदल्या दिवशी आमच्याकडे सुकट भाजली होती आणि मागच्या खोलीत ओला पंचा वाळत घातलेला आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. अशा माणसाच्या हाताला मी अत्तर लावलं. त्यांनी मनगट नाकाशी नेलं, डोळे मिटले, आणि पाहुणे श्वास रोखून बसले.

"राऊत, हे अत्तर नाही. अत्तराच्या बाटलीत बरेच दिवस राहिलेलं तेल आहे."

"लढाई चालू आहे, तात्यासाहेब," मी म्हणालो. "बाजारात चांगला मालच येत नाही."

"लढाई जर्मनीशी आहे. मोगऱ्याशी नाही."

सगळे हसले. माझ्याच घरी, माझेच पेढे तोंडात धरून हसले. एक पुष्पलता हसली नाही. ती तबक धरून मान खाली घालून उभी होती आणि तिचे कान लाल झाले होते. ते कान पाहिले आणि माझ्या तोंडून ते वाक्य गेलं.

"घरचं?" तात्यासाहेबांनी भुवया वर केल्या. "उत्तम. वैशाखात लग्न आहे. मी वास घेईन." जज्जाने पुढची तारीख द्यावी तसं ते म्हणाले.

मंडळी गेल्यावर शालन, म्हणजे माझी बायको, भांडी आवरता आवरता म्हणाली, "अहो, तुम्हाला चहा करता येतो का?"

"नाही."

"नाही, सहज विचारलं."

संध्याकाळी पुष्पलता हळूच जवळ आली. "भाऊजी, जमेल ना? नाही म्हणजे... तुमचं एक दिवसाचं आहे. मला त्या नाकासमोर जन्म काढायचाय."

झालं. आता माघार घेणं शक्य नव्हतं.

मी भाईंदरला मिठाच्या पेढीवर कारकून होतो. पेढीवर मीठ सोडून काहीच मुरत नसे. बातमी तर नाहीच. सकाळी मी नुसतं "अत्तर" म्हणालो आणि संध्याकाळी माझ्या ओटीवर तीन तज्ज्ञ बसले होते. भाईंदरात इतके अत्तरतज्ज्ञ आहेत आणि तरी गावाला सुकटीचाच वास का येतो, हे कोडं मला आजही उलगडलेलं नाही.

पहिले शेजारच्या राई गावचे बाळाराममामा, शालनचे सख्खे मामा. भातशेती, थोडी मासळी, आणि प्रत्येक गोष्टीवर ठाम मत. मामा म्हणाले, "यात हाय काय? फुलां उकडाची, वाफ नळीतून काडाची, नळी गार ठेवाची. थेंब थेंब पडतंय. मना ठावं हाय."

"मामा, तुम्हाला हे कसं ठाऊक?"

"आयकून," मामा म्हणाले आणि खाडीकडे बघायला लागले.

दुसरा पास्कल, आमचा शेजारी. मूळचा उत्तनचा सुतार, मध्ये काही वर्षं फ्रेंच बोटीवर काम केलेला. त्यामुळे फ्रान्समध्ये घडणाऱ्या प्रत्येक गोष्टीची जबाबदारी त्याने स्वतःकडे घेतली होती. "मोरूभाव, मोगरा उकडायचा न्हाय," तो कळवळून म्हणाला. "मोगरा तोडला तरी जिता असतो. रात्रभर वास सोडतो. त्याला मऊ अंथरुन द्यायचा. काचेवर चरबी पसरायची, वर फुलं पालथी ठेवायची, रोज फुलं बदलायची. चरबी सगळा वास पिते. तिकडे मोठमोठे लोक असंच करतात."

"कसली चरबी?" शालनने दारातून विचारलं.

"चांगली. डुकराची."

शालन आत गेली. आतून भांडं पडल्याचा आवाज आला. पडलं नसावं, ठेवलं असावं.

तिसरे अमृतभाई किराणावाले. त्यांनी दोघांनाही कीव आल्यासारखं हसून पाहिलं. "राऊतभाई, ये लोग फूल को या तो उबालेंगे या चरबी में सुलाएंगे. फूल ने क्या गुना किया? हमारे मुलक में तल, मतलब तीळ, लेते हैं. तल का थर, फूल का थर, तल का थर, फूल का थर. तल सूंघता है. फिर घाणी में डालो. बस, मोगरा का तेल." आणि मग सहज आठवल्यासारखं, "तल मेरे पास बहुत सारू छे."

तिघांचं जुंपलं. मामा म्हणाले, तिळात वास घालणं म्हणजे कोंबडीला गाणं शिकवणं. पास्कल म्हणाला, वाफेने काढलेला मोगरा म्हणजे मेलेला मोगरा. अमृतभाईंनी चरबी या शब्दावर कानात बोटं घातली. मी मधे पडलो, आणि त्या क्षणी माझ्यातला शास्त्रज्ञ जन्माला आला. "तिन्ही पद्धती करून बघू," मी जाहीर केलं. "तुलना करू. जी सरस ठरेल ती लग्नात." तिघेही शांत झाले. प्रत्येकाला उरलेल्या दोघांची फजिती बघायची होती, एवढाच त्याचा अर्थ, हे मला तेव्हा कळलं नाही.

मी मामांच्या पद्धतीपासून सुरुवात केली, कारण ती ऐकायला सर्वांत शास्त्रीय होती. तीळ मला बायकी वाटले. तसं मी बोलूनही दाखवलं. शालनने अमृतभाईंकडून तीळ आणले आणि पुष्पलतेला हाताशी घेऊन मागच्या खोलीत एक मोठी परात मांडली. मी त्याकडे दुर्लक्ष केलं.

भट्टीला भांडं हवं होतं. मामांनी मला राईला नेलं, गोठ्यामागच्या पेंढ्याच्या उडवीत हात घातला आणि आतून तांब्याचा एक भला थोरला हंडा ओढून काढला. त्याला मान होती, मानेवर टोपी, आणि टोपीला लांब वाकडी नळी.

"मामा, हे काय?"

"पानी तापवाचं हाय. आज्याचं."

"नळी कशाला?"

"आजा लय नहायचा."

बैलगाडीत हंडा, हंड्यावर पेंढा, पेंढ्यावर मामा आणि मामांशेजारी मी, असे आम्ही मिठागरांच्या बांधावरून निघालो. नाक्यावर मीठखात्याच्या शिपायाने गाडी थांबवली. चोरून मीठ नेणारे त्यांना शोधायचे असत.

"खाली काय आहे?"

"मीठ नाही," मी म्हणालो. माझा आवाज इतका बारीक निघाला की बैलानेसुद्धा मागे वळून पाहिलं.

"काय नाही ते नाही विचारलं. काय आहे?"

त्याने काठी खुपसली. टण्ण! पेंढा बाजूला केला आणि तो हंडा, ती मान, ती टोपी आणि ती वाकडी नळी उन्हात झळाळू लागली. मी डोळे मिटले. पेढीवरचा कारकून, घरात लग्न, आणि मी असा भर रस्त्यात पेंढ्यात बसून. शिपायाने टोपी काढून हंड्यात हात घातला, बोट जिभेला लावलं, आणि कंटाळून म्हणाला, "मीठ नाही. जा."

"लय इमानी मानूस," मामा गाडी हाकत म्हणाले. "आपलं काम सोडून दुसरीकडं बगत न्हाय."

पण मी घाबरलो होतो. कायद्याने वागायचं म्हणून मी ठाण्याला गेलो आणि अबकारीच्या कचेरीत अर्ज केला. तिथले गृहस्थ फार सभ्य होते. त्यांनी मला खुर्ची दिली.

"देशी की विलायती?" त्यांनी विचारलं.

"मोगरा."

"मोगरा देशीच म्हणायचा. जोर किती?"

"जोर नाही हो. वास आहे."

ते उठले. मग शेजारच्याला विचारून आले, वरच्याला विचारून आले, आणि म्हणाले, "वासाला आमच्याकडे रकाना नाही. फुलाचं आहे म्हणता, तर शेतकी खात्याकडे जा." शेतकीवाल्यांनी मोगऱ्याला कीड लागली आहे का विचारलं. नाही म्हणताच त्यांचा माझ्यातला रस संपला. मी पुन्हा पहिल्या कचेरीत आलो. गृहस्थांना माझी दया आली. त्यांनी मला रीतसर परवानगी दिली: सदर इसमाने सदर भांडं बाळगण्यास हरकत नाही, मात्र त्याखाली जाळ करू नये.

"पण मग अत्तर कसं निघणार?"

"ते शेतकी खातं सांगेल," ते म्हणाले आणि त्यांनी मला चहा पाजला.

घरी आल्यावर मी मामांना परवानगी दाखवली. पहिला भाग त्यांना आवडला. दुसऱ्या भागावर त्यांनी काही मत दिलं नाही. ते चूल मांडत होते.

उत्तनहून पास्कलची बायको व्हेरोनिका टोपलीभर मोगरा घेऊन आली. तिचं माहेर तिकडचं, परसात मोगऱ्याची रांगच्या रांग. आमच्या परसात फुलं हंड्यात पडली, पाणी पडलं, टोपी बसली, सांधे कणकेने लिंपले, नळीवर ओली फडकी आली. मामांचे हात असे चालत होते की जन्मभर नुसतं ऐकून इतकं कौशल्य येतं हे पाहून मी थक्क झालो. थोड्याच वेळात नळीच्या टोकाला पहिला थेंब लोंबला. पडला. मी वाटी नाकाशी नेली.

उकडलेल्या दुधी भोपळ्याचा वास. लांबून, फार लांबून, भोपळ्याच्या पलीकडच्या गावातून मोगऱ्याची एक झुळूक. बस.

"मेला," पास्कल टोपी काढून म्हणाला.

मामांनी मात्र सवयीने बोट बुडवून जिभेवर ठेवलं. "पैल्या धारंची हाय," ते म्हणाले, आणि मग आपण काय बोललो हे लक्षात येऊन खोकायला लागले.

तोवर कुंपणाशी माणसं जमली होती. मिठागरावरून परतणारी. त्यांना हंड्याचा आकार पुरेसा होता. त्यात पोशा म्हणून एक धिप्पाड गडी सर्वांत पुढे, हातात पितळी पेला घेऊन तयार.

"राऊतबाबू, झाली का?"

"काय झाली? हे मोगऱ्याचं पाणी आहे."

"व्हय व्हय, मोगऱ्याचं," पोशाने डोळा मारला. "आमी कुनाला सांगनार न्हाय."

मी नको नको म्हणत असताना त्याने पेला भरून घेतला आणि एका दमात रिकामा केला. थोडा थांबला. मग त्याचं तोंड फुललं. "कडक!" तो म्हणाला. आणि पाहता पाहता त्या माणसाला चढली! त्याने मला मिठी मारली, पास्कलला मिठी मारली, पपईच्या झाडाला मिठी मारून मुकादमाबद्दल रडून घेतलं, आणि गात गात थेट आमच्या पेढीसमोर जाऊन आडवा झाला. दुसऱ्या कुठल्याही दारासमोर जागा नव्हती असं नाही.

तासाभरात अबकारीचे इन्स्पेक्टर हजर. सोबत दोन शिपाई, आणि दोन शिपायांच्या खांद्यांवर पोशा.

"हा तुमच्याकडची पिऊन पडलाय," साहेब म्हणाले.

"साहेब, ते पाणी आहे."

"पाणी पिऊन हा असा झालाय?" आपल्याबद्दल बोलणं चाललंय हे कळताच पोशाने शिपायाचा मुका घेतला.

साहेबांनी वाटी मागवली. वास घेतला. कपाळाला आठी पडली. घोट घेतला. आठी खोल गेली. तोंडात घोळवून ते पपईच्या झाडापाशी जाऊन थुंकले आणि परत येऊन कष्टाने म्हणाले, "पाणीच आहे. फार वाईट पाणी आहे."

हे शब्द पोशाच्या कानात गेले. तो सरळ झाला. शिपायांचे हात झटकून स्वतःच्या पायांवर उभा राहिला. त्याचे डोळे स्वच्छ झाले, आवाज स्वच्छ झाला.

"पानी?" तो म्हणाला. "मना पानी पाजलंन? साहेब, फसवनूक हाय! याला धरा! याच्यावर खटला भरा!"

"शांत हो," साहेब म्हणाले. "दारू पाजली असती तर कलम आहे. दारू न पाजल्याचं कलम माझ्याकडे नाही." मग ते माझ्याकडे वळले. मी परवानगी पुढे केली. त्यांनी ती वाचली, चुलीकडे पाहिलं, पुन्हा वाचली. "भांडं बाळगायला हरकत नाही. जाळ?"

मी काही बोलायच्या आत मामांनी हंड्याच्या बाजूची सगळी बादली चुलीत ओतली. "कसला जाळ?" ते धुरातून म्हणाले.

साहेब हसले का खोकले ते धुरात दिसलं नाही. जाताना एवढंच म्हणाले, "राऊत, पुन्हा हे पाणी कुणाला पाजू नका." हंडा त्याच संध्याकाळी राईला परत गेला. पोशा पुढे कितीतरी दिवस पेढीवरून जाताना माझ्याकडे बघून थुंकायचा.

अशा रीतीने पहिल्या पद्धतीचा निकाल लागला. मी मान वर करून पास्कलच्या पद्धतीकडे वळलो.

पास्कलने काचेच्या सुंदर चौकटी केल्या. व्हेरोनिकाने चरबी वितळवून, गाळून, पुन्हा पुन्हा धुऊन लोण्यासारखी पांढरीशुभ्र केली. शालनने एकच अट घातली: त्या चरबीतला कणभरही उंबऱ्याच्या आत येता कामा नये. तेव्हा चौकटी पास्कलच्या कारखान्यात. पण कारखान्यात मुंग्या. मुंग्यांपासून घट्ट बंद होणारी एकच वस्तू पास्कलकडे तयार होती, ती म्हणजे शवपेटी. आगाऊ करून ठेवलेली, गिऱ्हाईक अजून ठरलेलं नव्हतं.

आम्ही चौकटी पेटीत रचल्या. रोज सकाळी झाकण उघडायचं, सुकलेली फुलं काढायची, ताजी ठेवायची. आणि खरं सांगतो, काही दिवसांत त्या चरबीला असा वास आला की झाकण उघडताच आम्ही दोघे एकमेकांकडे बघून वेड्यासारखे हसत सुटायचो. पास्कलने तर एकदा माझ्याबरोबर नाच केला. कारखान्याच्या दारात उत्तनची म्हातारी रुथबाय उभी होती. पेटीभोवती नाचणारी दोन माणसं पाहून तिने छातीवर क्रूस काढला.

"कोन हाय आत?" तिने हळूच विचारलं.

"मोगरा," मी आनंदाने म्हणालो.

"अरे देवा! कुनाची पोर?"

तिला समजावता समजावता दुपार गेली. शेवटी झाकण उघडून दाखवलं, तेव्हा ती म्हणाली, "माझ्या वेळेला असंच करा. पन चरबी नको."

मग वैशाखाचं ऊन तापलं. फ्रान्समध्ये वैशाख नसतो ही गोष्ट पास्कल सांगायला विसरला होता. एका दुपारी मी पेढीवरून आलो तर कारखान्यातून व्हेरोनिकाची किंकाळी. पेटीच्या सांध्यातून काहीतरी पाझरत होतं. आतली चरबी पार वितळून पेटीखाली तळं झालं होतं आणि त्या तळ्यात, डोळे मिटून, चारही पाय वर करून, पास्कलचा टायगर कुत्रा लोळत होता. आम्ही झाकण उघडेपर्यंत चौकटीत फक्त मेलेली फुलं उरली होती. तीन आठवड्यांचं सगळं अत्तर टायगरच्या अंगात मुरलं होतं.

मी आयुष्यात इतका सुगंधी कुत्रा पाहिलेला नाही. टायगर बाहेर पडला आणि त्याच्यामागे मोगऱ्याचा पट्टा भाईंदरभर पसरला. तो स्टेशनवर गेला, उतारू वळून बघायला लागले. तो देवळापुढून गेला, आत बसलेल्या बायकांनी कुणाच्या वेणीचा वास म्हणून एकमेकींचे अंबाडे तपासले. अमृतभाईंच्या दुकानात शिरला तेव्हा त्या कट्टर माणसाने त्याला हाकललं नाही. "चरबी पाप छे," ते डोळे मिटून म्हणाले, "पण वास... वास मस्त छे!" दुसरे कुत्रे मात्र त्याच्याजवळ येईनात. तो दिवसेंदिवस उदास होत गेला. पास्कलसुद्धा.

"मोरूभाव," तो म्हणाला, "तसंही चरबीतून वास सोडवायला शुद्ध स्पिरिट लागतो."

"त्यासाठी परवानगी?"

"ठाण्याची."

मी पेटीचं झाकण लावलं.

लग्न चार दिवसांवर आलं. दारात मांडव उभा राहिला, पाहुणे उतरले, आणि येणारा प्रत्येक जण आधी विचारायचा, "अत्तर कुठंय?" मी रात्री... नाही, रात्रीच नव्हे, दिवसाढवळ्याही मला तात्यासाहेबांचं नाक दिसायला लागलं. पुष्पलता मला काही विचारायची नाही. ते न विचारणं फार लागायचं. शेवटी अभिमान गिळून मी मागच्या खोलीच्या दाराशी गेलो.

परातीत तीळ होते. इतक्या दिवसांत किती वेळा फुलं बदलली होती कोण जाणे. शालनने ओंजळभर तीळ उचलून माझ्या नाकाशी धरले. व्हेरोनिकाच्या परसातली सकाळ त्या ओंजळीत होती.

"बायकी आहेत," शालन म्हणाली.

मी तीळ डोक्यावर घेऊन स्वतः तेल्याकडे गेलो. त्याला आधी घाणा धुवायला लावला. त्याने आयुष्यात पहिल्यांदाच धुतला असावा, कारण बैल त्याला ओळखीना. संध्याकाळी फिक्या सोनेरी तेलाचा डबा घेऊन मी परत आलो. वाटेत प्रत्येक ओळखीच्या माणसाला थांबवून झाकण उघडून वास दिला. पोशालासुद्धा देऊ केला, तो म्हणाला, "आदी तू पी."

लग्नाच्या सकाळी तेल बारीक बारीक कुप्यांत भरायचं ठरलं. तोवर डबा थंड, अंधाऱ्या, सुरक्षित जागी हवा. मी स्वतः विचारपूर्वक जागा निवडली. कोठीची खोली. माझं शास्त्रीय मन एवढं मात्र विसरलं की कोठीत आचाऱ्याच्या तेलाचे डबे असतात, आणि डब्यांच्या तोंडावर काही लिहिलेलं नसतं.

लग्नाच्या दिवशी सकाळी मी सतरा ठिकाणी होतो; कुप्यांपाशी तेवढा नव्हतो. धक्क्यावर मचवा लागला. वाजंत्री सुरू झाली. मी कुप्या घेऊन कोठीत धावलो. डबा नव्हता. घमेली उचलली, पोती हलवली, भोपळ्यांच्या मागे पाहिलं. डबा नव्हता.

बाहेर तात्यासाहेब मांडवात शिरले होते. शालनने नंतर सांगितलं ते असं: ते दारातच थबकले. नाक वर केलं. उजवीकडे फिरवलं, डावीकडे फिरवलं. "हे कुठून?" ते म्हणाले. सगळा मांडव मोगऱ्याने भरला होता. कनातींतून, खांबांतून, वाजंत्र्यांच्या पागोट्यांतून मोगरा. नवरी बघायची सोडून सगळं वऱ्हाड हुंगत होतं. तात्यासाहेबांनी नमस्कार-चमत्कार बाजूला सारले आणि वासाच्या मागे निघाले. भटजींच्या पुढून, पाटांच्या मधून, मांडवाच्या मागच्या बाजूला. एका बाजूने ते, दुसऱ्या बाजूने रिकाम्या कुप्या छातीशी धरून मी. आम्ही दोघे एकाच वेळी आचाऱ्याच्या चुलीपाशी पोचलो.

कढईत पुऱ्या फुगत होत्या. शेजारी माझा डबा आडवा पडला होता, झाकण उघडं, पार कोरडा.

"तेल झक्कास आणलंत, मालक," आचारी झारा फिरवत म्हणाला. "नुसत्या वासानं भूक लागते."

तात्यासाहेबांनी कढईकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग कुप्यांकडे. "राऊत," ते अगदी हळू म्हणाले, "तुम्ही अत्तर तळताय?"

माझ्या डोळ्यांपुढून इन्स्पेक्टर गेले, पोशा गेला, टायगर गेला. मागे कनातीच्या फटीतून मुंडावळ्या बांधलेली पुष्पलता बघत होती. तिचा चेहरा पांढरा झाला होता. खोटं बोलायला वेळ नव्हता आणि खरं बोलायला तोंड नव्हतं.

"हो," मी म्हणालो. "वास येतोय ना?"

त्यांनी परातीतली एक पुरी उचलली. नाकाशी नेली. डोळे मिटले. सगळं वऱ्हाड आता आमच्याभोवती जमलं होतं आणि साखरपुड्यात होतं तसंच श्वास रोखून उभं होतं. तात्यासाहेबांनी पुरीचा घास घेतला. चावला. गिळला. मग दुसरी उचलली. तीही संपवली.

"इतकी लग्नं केली," शेवटी ते म्हणाले. "यजमान येतो, बोटभर अत्तर लावतो, आणि आपण किती मोठे म्हणून बघत राहतो. मांडव भरून कुणी दिलं नव्हतं." तिसरी पुरी घेता घेता ते थांबले. "थोडी गोडसर लागते. पण चालेल."

पुष्पलता कनातीमागे हसली. मोठ्याने हसली. नवरीने असं हसू नये म्हणून भटजींनी डोळे वटारले, पण तोवर सगळा मांडव हसत होता आणि पास्कल पुन्हा माझ्याबरोबर नाचायच्या बेतात होता. मामांनी सर्वांना सांगायला सुरुवात केली की ही वाफेचीच पद्धत आहे, फक्त नळी काढून टाकली. पास्कल म्हणाला, शेवटी तेलात तळलं म्हणजे चरबीचीच पद्धत. अमृतभाई नुसते हसत होते. शालन पुऱ्या वाढत होती.

संध्याकाळी भरतीला वऱ्हाड निघालं. धक्क्यावर शालन पुष्पलतेच्या गळ्यात पडून रडली, मीही रडलो, व्हेरोनिका तर सर्वांत मोठ्याने रडली. तात्यासाहेब मचव्याच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, मांडीत टोपली घेऊन बसले. टोपलीवर स्वतःचं उपरणं झाकलं होतं आणि त्यावर दोन्ही हात.

शीड फुगलं. मचवा पाण्यात गेला. एरवी खाडीवरचा वारा चिखल आणि सुकट घेऊन येतो. त्या संध्याकाळी तो त्या मंडळींच्या लुगड्या-धोतरांतला, शेल्यांतला मोगरा घेऊन आमच्याकडे आला. शालनने रडता रडता नाक ओढलं, आणि थांबली. पुन्हा ओढलं. तिचे डोळे मोठे झाले.

तेवढ्यात पाण्यावरून पुष्पलतेचा आवाज आला. ती मचव्यात उभी राहून हात हलवत ओरडत होती.

"भाऊजी! भाऊजी, सांगा ना यांना! तात्यासाहेब पुऱ्या कुणालाच देत नाहीयेत!"